शत्रू बोटीवर, फौज माडीवर

पत्राचा सारांश : वाचक 39 वर्षांचे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतात. कॉलेजपासूनचा त्यांचा मित्र मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे. बारा वर्षांपूर्वी दोघांनी प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांच्या फौजा जमवून टेबलावर जुन्या लढाया खेळायला सुरुवात केली. मित्र परदेशातल्या बंदरांवरून सैनिकांच्या पेट्या आणायचा आणि हे रंगवायचे. 1803 ची शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज अशी असईची लढाई पूर्ण मांडायची, शिंद्यांची बाजू यांची, इंग्रजांची मित्राची, असं ठरलं. शिंद्यांचे 260 शिपाई तयार आहेत. इंग्रजांचे 150 झाले, 200 अजून प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेलेच, रंगवायचे आहेत. मित्राने लग्नानंतर पनवेलला घर घेतलं. तो सुट्टीवर येतो, पण गेल्या चार वर्षांत एकदाही खेळायला बसलेला नाही. विचारलं की म्हणतो, "असू दे रे, येईन तेव्हा बघू." बायकोला माडीवरची ती खोली मुलीच्या दहावीच्या अभ्यासासाठी हवी आहे. वडील म्हणतात, "घोडा झालास तरी बाहुल्या रंगवतोस, त्याही इंग्रजांच्या." मुंबईचे एक गृहस्थ रंगवलेली सगळी फौज विकत घ्यायला तयार आहेत. विकून मोकळं व्हावं, की उरलेले इंग्रज रंगवून पूर्ण करावेत म्हणजे मित्र परत येईल? सही : शत्रूच्या प्रतीक्षेत.

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली तीन पानं सैनिकांवर, जेमतेम एक मित्रावर आणि खोलीबद्दल दोन ओळी. मी हा क्रम उलटा करणार आहे. सैनिक मधे मधे येत राहतीलच, त्यांना कोण अडवणार!

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कडक प्लास्टिकचे, साधारण 28 मिलिमीटर उंचीचे सैनिक चौकटीला जोडलेले येतात. धड वेगळं, हात वेगळे, डोकी वेगळी, बंदुका वेगळ्या. ते कटरने सोडवायचे, साच्याची राहिलेली रेघ पात्याने खरवडायची, चिकटवायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग ट्रिपल झिरोच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने रंगवायला बसायचं. फौज तयार झाली की सहा बाय चार फुटांच्या टेबलावर टेकड्या, नदी, गावं मांडून लढाई खेळायची. कोण किती चाललं ते टेपने मोजतात, कोणाची गोळी लागली ते फासे सांगतात. एक सैनिक म्हणजे खरे तीस-चाळीस शिपाई असं धरून चालायचं. निकाल इतिहासाप्रमाणे लागलाच पाहिजे असं बंधन नाही, म्हणून तर माणसं पुन्हा पुन्हा तीच लढाई मांडतात. पोरखेळ वाटत असेल तर एवढं ऐका : 1824 साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा असाच एक खेळ वरिष्ठांना दाखवला, आणि तो तिथल्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला गेला. हा राइसविट्झ लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या कामाला येणार आहे.

आता मित्राकडे वळू. तुम्ही हिशेबनीस, म्हणून हिशेबानेच बोलते. एका सैनिकाला कापण्यापासून वार्निशपर्यंत सगळा मिळून एक तास धरला, तरी 410 सैनिकांचे 410 तास झाले. तुमचं काम वाचून वाटतं की एक तास कमीच आहे. यातले 150 तास तुम्ही मित्राच्या फौजेवर घातलेत. आणि 150 इंग्रज म्हणजे काही थोडे नव्हेत. तेवढ्यात दोन माणसांची अख्खी दुपार सहज जाईल. म्हणजे खेळायला लागणारं सगळं चार वर्षांपूर्वीच तयार होतं, तरी तो आला नाही. मग आणखी 200 रंगवले की येईल, हे कशावरून? रंगाअभावी काही अडलं असतं, तर तुमच्या ब्रशने ते कधीच सुटलं असतं.

तुम्ही दोघं एकच छंद करत होता असं तुम्ही गृहीत धरलंय. मला पत्रावरून तसं दिसत नाही. सैनिक विकत घेणं, रंगवणं आणि खेळणं ह्या तीन वेगळ्या हौशी आहेत आणि एकाच माणसात तिन्ही सारख्या क्वचितच असतात. तुमचा जीव रंगवण्यात आहे. मित्राचा बहुधा आणण्यात होता. बंदराला बोट लागली की खाली उतरायचं, अनोळखी गावात ते दुकान शोधायचं, रत्नागिरीत कोणीतरी वाट बघतंय म्हणून पेटी निवडायची, ती बॅगेत कपड्यांमधे दडवून आणायची. हा त्याचा खेळ. आता कंटेनरच्या बोटी कित्येक बंदरांत एक दिवसही थांबत नाहीत आणि खलाशांना खाली उतरायला मिळेलच असं नाही. पेट्या यायच्या बंद कधी झाल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याचं येणं बंद होण्याच्या आधी की नंतर? माझा अंदाज आधी. तसं असेल तर त्याने तुम्हाला टाळलेलं नाही, त्याचा वाटाच हातातून गेला आणि रिकाम्या हाताने यायला त्याला अवघड वाटत असेल. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण तुम्ही त्याला दर वेळी "कधी येतोस?" एवढंच विचारता, आणि ह्या प्रश्नाला बोटीवरच्या माणसाकडे एकच उत्तर असतं, ते तुम्हाला पाठ झालंय. तीन-चार महिन्यांच्या सुट्टीवर बायको, मुलं, सासुरवाडी, घराची गळती, बँकेची कामं सगळ्यांचा हक्क असतो. पनवेलहून रत्नागिरी म्हणजे मुंबई-गोवा हायवे, आणि त्याबद्दल मी काय सांगावं!

म्हणून त्याला यायला सांगू नका. तो आहे तिथून खेळू द्या. राइसविट्झच्या खेळात दोन्ही बाजूंच्या सेनापतींना सगळा पट दिसत नसे. मधे एक पंच असायचा. सेनापती लेखी हुकूम द्यायचा, पंच तो पटावर अमलात आणायचा आणि त्या सेनापतीला रणांगणात जेवढं दिसलं असतं तेवढंच कळवायचा. बोटीवर हल्ली नेट असतं, तुटकं का होईना. दिवसाला एक हुकूम, एक उत्तर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे ते नियमात बसतं.

आणि असई तर ह्या प्रकाराला अगदी सोयीची आहे. इंग्रजांचे सेनापती वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन दोन वाटांनी येऊन 24 सप्टेंबर 1803 ला एकत्र हल्ला करणार होते. 23 तारखेलाच वेलस्लीला कळलं की शिंदे-भोसल्यांची अख्खी फौज समोर उभी आहे. नदीला उतार आहे की नाही, याबद्दल वाटाड्यांनी कानावर हात ठेवले. त्याला केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की गावं अशी वसलीत म्हणजे मधे उतार असणारच. तो निघाला. तेव्हा मित्राला ख्यालीखुशालीचा मेसेज न पाठवता सरळ एवढंच पाठवा : "जनरलसाहेब, शत्रूची सगळी फौज समोर आहे. स्टीव्हन्सन उद्याशिवाय पोचत नाही. नदीला उतार आहे का, कोणी सांगत नाही. दोन गावं समोरासमोर दिसतात. हुकूम?" सोबत टेबलाचा एक फोटो, तोही त्याच्या बाजूने, खाली वाकून सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला. वरून काढलात तर त्याला सगळंच दिसेल आणि मजा जाईल.

ह्यावर उत्तर आलं तर लढाई सुरू झाली. नुसता हसरा चेहरा आला आणि पुढे महिनाभर काही नाही, तर तेही उत्तरच आहे. वाईट वाटेल. पण "असू दे रे" ह्या तीन शब्दांवर चार वर्षं भिजत घोंगडं ठेवण्यापेक्षा ते बरं.

मालकीचा प्रश्न मात्र मेसेजवर काढू नका. त्यासाठी फोन करा. माझा हिशेब असा : पेट्यांचे पैसे त्याचे, हात तुमचा. तुम्ही रंगवलेल्या इंग्रजांवर दोघांचा हक्क आहे, आणि न रंगवलेल्या 200 वर फक्त त्याचा. तुमच्या शिंद्यांच्या पेट्याही त्यानेच आणल्या होत्या. तेव्हा त्यांचे पैसे चुकते झाले होते का, हे आठवा. ते 200 परस्पर रंगवूही नका. तुम्हाला ती भेट वाटेल. चार वर्षं न आलेल्या माणसाला ती उधारी वाटण्याचा संभव जास्त. रंगवलेली फौज समोर आली की त्याला यावंच लागेल, असा तुमचा डाव आहे ना? माणूस अशाने येतोही एकदा. घड्याळाकडे बघत खेळतो आणि जातो.

आता वडील. त्यांच्या वाक्याचे दोन भाग आहेत, बाहुल्या आणि इंग्रज.

बाहुल्यांचं आधी उरकते. कोकणात श्रावण लागला की गावोगाव गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, दिवे लागलेले असतात. घरोघरचे पाट आलेले असतात, आणि एखादा हिशेबनीस, एखादा मास्तर, एखादा वायरमन नोकरी सांभाळून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मूर्ती रंगवत बसलेला असतो. डोळ्यांची आखणी ज्याला जमते त्याला अख्खा गाव मान देतो. त्याला कोणी म्हणत नाही की घोडा झालास. तुम्ही 28 मिलिमीटरच्या माणसाचे डोळे आखता, म्हणजे पापणीइतक्या जागेत पांढरा ठिपका आणि त्यात काळा. देवाची मूर्ती आणि खेळातला शिपाई यांत फरक आहे, तो मी पुसत नाही. पण हाताची करामत तीच. वडिलांना ती कधी जवळून दाखवलीत का? पत्रावरून वाटतं, ते माडीवर चढत नाहीत आणि तुम्ही काही खाली आणत नाही. बंद दाराआड रात्री एक पर्यंत दिवा जळत असेल, तर बाहेरच्याने काय समजायचं?

इंग्रजांचं मात्र निवांत बोलायला हवं, कारण वडिलांच्या टोमण्यात तथ्य असतं तर मीही त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. तुम्ही ज्याला इंग्रजांची फौज म्हणता ती उघडून बघा. असईला वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, 74 वी आणि 78 वी, दोन्ही स्कॉटलंडच्या. घोडदळात 19 वी ड्रॅगून्स. बाकी पायदळ बहुतेक मद्रासचे शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि मराठ्यांचेही घोडेस्वार त्याच्याबरोबर होते. आणि पलीकडे शिंद्यांचे जे कवायती कंपू, म्हणजे युरोपी पद्धतीने कवायत शिकवलेल्या तुकड्या, तुम्ही इतक्या अभिमानाने रंगवलेत, त्यांचा त्या दिवशीचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. म्हणजे "आपले" आणि "त्यांचे" असे दोन डबे करायला गेलात तर सैनिक कुठल्या डब्यात टाकावेत हेच कळेनासं होईल.

ह्या लढाईची वाटही आपल्या किनाऱ्यावरूनच गेली. यशवंतराव होळकरांनी पुण्यात हरवल्यावर दुसरे बाजीराव कोकणात उतरले, महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचले आणि 31 डिसेंबर 1802 ला तिथे तहावर सही केली. त्याआधीचं बघायचं तर 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घ्यायला पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते, आणि पुढच्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा आंग्र्यांचं आरमार तिथेच बंदरात जळलं. हे सगळं वडिलांना व्याख्यानासारखं ऐकवायला जाऊ नका, ते उठून जातील. मद्रासचा एक शिपाई उचला आणि त्यांच्या हातात द्या, सोबत भिंग द्या. तांबडा डगला, छातीवर पांढरे आडवे-तिडवे पट्टे, खाली आखूड चड्डी आणि उघडे पाय. त्या पायांना तुम्ही कुठला रंग दिलाय ते त्यांनाच बघू दे. मग त्यांना विचारा की हा कोणाचा.

तेवढ्याने त्यांचं बोलणं थांबेल असं मी म्हणत नाही. वडील आहेत, बोलणारच. निदान काय बघून बोलतात ते तरी त्यांना माहीत असेल.

आणि हो, शिंद्यांच्या गोलंदाजांवर जास्त वेळ घालवलात हे वाचून बरं वाटलं. त्या दिवशी पायदळ मागे हटलं तरी गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे होते, आणि काहींनी मेल्याचं सोंग घेऊन इंग्रज पुढे सरकल्यावर त्यांच्याच पाठीवर तोफा डागल्या. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीला उतारवयात कोणी विचारलं की तुमची सगळ्यात सरस लढाई कोणती, तर त्याने असईचं नाव घेतलं असं सांगतात. हरलेल्या बाजूला ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं?

खोलीबद्दल मी वाद घालणार नाही. खोली मुलीला द्या. गणपतीच्या सुट्टीत आवरायला घ्या, आणि दसऱ्याच्या आत तिचं टेबल तिथे लागलेलं असू दे. मात्र एक दाखवते. तुमच्या दोन ओळींत बायकोने खोली मागितली आहे, सैनिक टाकून दे असं म्हटल्याचं कुठेच नाही. तुम्ही ते जोडून ऐकलंत आणि लगेच मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलात. खेळाला कायमची खोली लागत नाही. सहा बाय चारचा प्लायवूड मधोमध कापून बिजागऱ्या लावून घ्या, जेवणाच्या टेबलावर टाकायचा आणि खेळ झाला की कपाटामागे सरकवायचा. वरच्या निरोपांच्या लढाईला तर तेवढंही नको, कारण रोज एकच चाल असते. दिवसाअखेर फोटो काढून कागदावर जागा टिपून ठेवल्या की सैनिक डब्यात. रंगकामाला एक ट्रे, एक दिवा आणि ओटीवरचा कोपरा बस. वडील तिथेच बसतात, हे मी मुद्दाम लिहितेय.

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात की मुलगी लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे बाजूला सारून तुमचे गारदी मांडायची. तुम्हाला शत्रू हवा आहे आणि तो एकच माणूस असू शकतो, हे कोणी ठरवलं? दहावीच्या वर्षात तिला 400 सैनिकांच्या लढाईत ओढू नका. पण दोन्हीकडे वीस-वीस सैनिक, एक पूल, एक विहीर आणि तासाभरात निकाल, एवढी चकमक रविवारी संध्याकाळी चालते. नियमही एका पानात बसवा. चालायचं सहा इंच, बंदूक पोचते बारा इंच, फाशावर पाच किंवा सहा पडले की लागली, संपलं. ती नको म्हणाली तर परीक्षा होईपर्यंत पुन्हा विचारू नका. आणि "हो" म्हणाली तर तिला हरवायची घाई करू नका, किंवा मुद्दाम हरूही नका. पोरांना दोन्ही कळतं.

बाहेर शोधायचं असेल तर शाळेतले इतिहासाचे शिक्षक हे पहिलं ठिकाण. 23 सप्टेंबरच्या आसपास टेबल मांडून लढाई समजावून देतो म्हटलंत तर कुठला शिक्षक नको म्हणेल? बघायला आलेल्या चाळीस पोरांतलं एखादं तरी टेबलापासून हलणार नाही. तोच तुमचा पुढचा शत्रू.

थोडं जतनाचं लिहिते. तुम्हाला हे ठाऊक असणारच, पण हे पत्र वाचून ज्यांचे हात शिवशिवतील त्यांना आपल्या हवेचा अंदाज हवा. कोकणात रंगकामाचं वेळापत्रक आगोटीप्रमाणे, म्हणजे पाऊस लागायच्या बेताप्रमाणे, ठरवावं. स्प्रेचं अस्तर आणि स्प्रेचं वार्निश मे संपायच्या आत उरकून घ्या. पावसाळ्याच्या दमट हवेत मॅट वार्निश मारलं की त्यावर पांढुरकी धुरकट साय धरते आणि दोन महिन्यांचं काम एका फवाऱ्यात जातं. पावसात रंगवायचंच असेल तर अस्तर आणि वार्निश दोन्ही ब्रशने लावायचं. अॅक्रिलिक रंग वाळायला वेळ घेतात, घेऊ द्या. प्लास्टिक सडत नाही, पण पुठ्ठ्याच्या पेट्यांना वाळवी लागते आणि फोमला बुरशी येते, म्हणून पेटीवरचं चित्र हवं तर कापून ठेवा आणि सैनिक झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. कौलांखाली, पत्र्याखाली नको. पायाखाली लोखंडी चकत्या लावणाऱ्यांनी त्यांना आधी रंग द्यावा, समुद्राच्या हवेत गंज महिन्याभरात दिसतो. सैनिकांच्या तळाला फेव्हिकॉल लावून वाळू भुरभुरवतात, ती किनाऱ्यावरून आणली तर गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन वाळवून घ्या. नाहीतर मीठ ओल धरतं आणि वाळू सुटून येते. जांभ्याचा चुरा चाळून वापरलात तर धुण्याचीही कटकट नाही आणि जमीन आपल्याकडची दिसते. असईच्या लढाईला मात्र तो चालणार नाही, तिथली माती काळी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 28 मिलिमीटरच्या मोठ्या पेट्यांकडे वळण्याआधी 1:72 चे मऊ प्लास्टिकचे सैनिक बघावेत. माणूस साधारण 25 मिलिमीटरचा, एका पेटीत पुष्कळ येतात आणि खिशाला झेपतात. 1959 पासून एअरफिक्सने अशा पेट्या काढल्या आणि ज्या खेळाला पूर्वी शिशाचे महाग सैनिक लागत तो शाळकरी पोरांच्याही आवाक्यात आला. एकच पथ्य : हे मऊ प्लास्टिक रंग धरत नाही, म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर बंदुका आणि संगिनींवरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. आणि हातातली पेटी रंगवून झाल्याशिवाय दुसरी मागवू नका. परदेशातून मागवलेल्या पेटीवर कस्टम आणि टपाल धरलं की किंमत कुठे जाते हे हिशेबनिसांना सांगायला नको.

राहिलं विक्रीचं. विकणं हा काही गुन्हा नाही. छंद संपला असेल तर सैनिक दुसऱ्याच्या टेबलावर गेलेले चांगले. पण तुमचा संपलेला नाही, हे तीन पानांवरून कोणालाही कळेल. पैशांसाठी म्हणाल तर 410 तासांची मजुरी तुम्हाला कोणी देणार नाही. रंगवलेल्या सैनिकाला प्लास्टिकच्या किमतीवर थोडंफार मिळतं, एवढंच. विकायचेच झाले तर ते न रंगवलेले 200 विकावेत, मित्राने हो म्हटल्यावर, आणि पैसे त्याच्या खात्यात. खोलीतली जागाही त्यांनीच जास्त अडवली असणार. रंगवलेल्या इंग्रजांतले काही त्याला स्वतःजवळ हवे असतील, तर वीस-पंचवीस शिपाई एका डब्यात घालून पनवेलला पाठवा. घरात मुलं आहेत, कोणीतरी उघडून बघेलच.

मुंबईच्या गृहस्थांना आजच कळवा की दिवाळीपर्यंत काही सांगता येणार नाही. त्यांनी विसार देऊ केला तर घेऊ नका.